मायलेकींची दहावी

माझी शाळा नववीत सुटली. माहेरी, सांगवीला, दिवाळीच्या सुट्टीनंतर. आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं, तिला वाकता येत नव्हतं, आणि धुणं-भांडी-भाकरी करायला घरात दुसरं कुणी नव्हतं. आमच्या वर्गाच्या बाई एकदा घरी येऊन गेल्या. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना चहा पाजला आणि पुढच्या वर्षी पाठवतो म्हणून सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण आई हिंडाफिरायला लागली तोवर मला घरकामाची आणि घराला माझी सवय होऊन गेली. अठरा पूर्ण झाली तसं लग्न झालं आणि मी इंदापूर तालुक्यात शेळगावला आले.

आमच्या माहेरच्या घराण्यात कुणी शिकलेलं नव्हतं, त्यामुळं माझं सुटणं कुणाला फार लागलं नाही. आबांच्या वडिलांकडं मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. आबा असेच वाटेवर जन्मले. कुठल्या गावच्या शिवारात, ते त्यांच्या आईलाही सांगता यायचं नाही. जवळ ओढा होता आणि भाताची कापणी चालली होती, एवढंच तिला आठवायचं. पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं विकली आणि आबा एका जागी घर बांधून राहिले. पण मागच्या पाच पिढ्या त्यांना तोंडपाठ. बाप, आजा, पणजा, कुणाचा कळप केवढा, कोण कुठल्या घाटात तापानं गेला, सगळं ते सांगायचे. त्यात एकाही बाईचं नाव नसायचं. लहानपणी मी एकदा त्यांना त्यांच्या पणजीचं नाव विचारलं, तर जेवता जेवता थांबून ते बराच वेळ आठवत बसले.

आम्हाला मूल एकच, मुलगी. ती आठवीत असल्यापासून ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर मागं घेऊन गोठ्याशेजारी सरळ लावायची. ते भल्याभल्यांना जमत नाही. मोटारीचा स्टार्टर अडकला की मालक, म्हणजे तिचे वडील, वायरमनला बोलवायच्या आधी तिला हाक मारायचे. पुस्तक मात्र तिला नको असायचं. नववीतून ती कशीबशी वर चढली.

दहावीच्या आधीच्या उन्हाळ्यात मी तिच्या मागं लागले. रोज तेच बोलायचे, की मला शिकायला मिळालं नाही, तुला मिळतंय तर शिक. एक दिवस ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं,

"तुला आता कोण नको म्हणतंय? तूच दे की परीक्षा."

ती चिडून बोलली नव्हती. म्हणूनच ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी दूध घालून आल्यावर मी तिच्या शाळेत गेले आणि मुख्याध्यापिका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसता येतं, वयाची अट नाही, फक्त जुन्या शाळेचा दाखला आणा.

दाखल्यासाठी मी सांगवीला गेले. शाळेची नवी इमारत झाली होती. क्लार्कनं जुनं रजिस्टर काढून दाखला लिहिला आणि सही घेतली. जन्मतारीख एक जून. आमच्या वर्गात निम्म्या पोरांची तीच होती. खाली शाळा सोडल्याचं कारण लिहिलं होतं, सतत गैरहजर. मी ते दोनदा वाचलं. क्लार्कला म्हटलं, गैरहजर म्हणजे मी उनाडक्या करत नव्हते. तो म्हणाला, ताई, कुणी कळवलं नाही की असंच लिहितात.

तिथूनच मी आबांकडं गेले आणि त्यांना ते वाचून दाखवलं. त्यांना फक्त सही येते. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला.

"मीच शाळंत जाऊन सांगाय पायजे व्हतं," ते म्हणाले.

मालकांनी विरोध केला नाही. फॉर्म भर म्हणाले, पण धारांची वेळ चुकवू नको. मग दुपारचं जेवण झालं की तीन वाजेपर्यंतचा वेळ माझा. सुरुवातीला लेकीला याची गंमत वाटली. शाळेतून आली की ती माझी वही तपासायची. इंग्रजीची स्पेलिंगं घालायची, चुकलं की शाळेतल्या सरांसारखा आवाज काढून म्हणायची, उभ्या राहा. मी भाकरी थापता थापता उभी राहायचे आणि दोघी हसायचो. श्रावण संपेपर्यंत असं चाललं. आमच्या दोघींच्या आयुष्यातले ते तीन महिने चांगले गेले, हे मी आज म्हणू शकते.

गणपतीच्या आसपास बीजगणितात वर्गसमीकरणं आली. एका दुपारी, शाळेला सुट्टी होती, ती एका गणितावर बराच वेळ अडली होती. खोडून खोडून कागद फाटायला आला. मी शेजारी बसले होते. मला ते गणित दिसलं आणि सुटलं. मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली, चार ओळींत उत्तर काढलं आणि म्हटलं, "अगं, सोपं तर हाय."

तिनं वहीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पेन्सिल परत घेतली नाही. उठून बाहेर गेली आणि गाईंना पाणी दाखवायला लागली. मला वाटलं, कंटाळली असेल. खरं सांगायचं तर मला त्या वेळी तिच्यापेक्षा त्या गणिताचं जास्त कौतुक होतं. मला गणित येतं हे मला चाळीशीला आल्यावर कळलं होतं.

त्यानंतर ती माझ्याजवळ अभ्यासाला बसली नाही. मैत्रिणीकडं जाते म्हणायची. मी हो म्हणायचे. दिवाळीनंतर तिचं डोकं दुखायला लागलं, आठवड्यातून दोन-तीन दिवस ती शाळेत जायची नाही. मी गोळी द्यायचे आणि पुस्तकाकडं वळायचे. सराव परीक्षेचे मार्क विचारले तर बरे आहेत म्हणाली. शाळेनं पालकांना बोलावलं त्या दिवशी माझी स्वतःची तोंडी परीक्षा होती, त्याच शाळेत, वरच्या मजल्यावर. खाली पालकसभा चालू होती आणि मी वर मराठीच्या प्रश्नांची उत्तरं देत होते. मालकांची उसाला पाणी द्यायची पाळी होती, तेही गेले नाहीत. तिच्या बाजूनं त्या सभेत कुणीच बसलेलं नव्हतं.

मार्चमध्ये मालक आम्हा दोघींना गाडीवरून केंद्रावर सोडायचे. ती गणवेशात, मी साडीत. फाटकाजवळ उतरलं की ती भराभर पुढं निघून जायची. तिच्या वर्गातल्या पोरी मला नमस्कार करायच्या, एक-दोघी पेपरला शुभेच्छाही द्यायच्या. ती लांब उभी राहून हॉलतिकीट बघत असायची. पेपर सुटल्यावर विचारलं की बरा गेला म्हणायची. मी प्रश्नपत्रिका काढून एकेक उत्तर पडताळून बघायला लागले की ती म्हणायची, आई, घरी चल.

निकाल दुपारी एक वाजता लागणार होता. मोबाईल तिच्याच हातात होता, कारण मला ते जमत नव्हतं. तिनं आधी माझा नंबर टाकला. का, ते मी आजवर विचारलं नाही. थोडा वेळ लागला, मग तिनं वाचलं. "पास झालीस. त्रेपन्न टक्के." मला आनंद झाला. तिचा निकाल अजून बघायचा होता तरी झाला, आणि तो माझ्या तोंडावर नक्कीच दिसला. ती माझ्याकडंच बघत होती. मग तिनं स्वतःचा नंबर टाकला, बघितलं, मोबाईल माझ्या हातात दिला आणि गोठ्याकडं गेली. इंग्रजी, गणित आणि विज्ञान, तिन्ही गेले होते. विज्ञानात तिला अकरा मार्क होते. मोटारीचा स्टार्टर खोलून बसवणाऱ्या पोरीला.

मालकांनी त्या दिवशी सांगवीला फोन केला आणि अर्धीच गोष्ट सांगितली. पूर्ण सांगायची त्यांना हिंमत झाली नसावी. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा एसटीनं बारामतीला, तिथून दुसऱ्या एसटीनं आमच्याकडं आले. डोक्याला नवा पटका, हातात पेढ्यांचा पुडा. ओट्यावर बसले आणि पाणी प्यायच्या आधीच बोलायला लागले. माझा पणजा कळपामागं गेला, आजा गेला, बाप गेला, मी सही करायला शिकलो तर गावात वाहवा झाली, असं करत करत ते माझ्यापाशी आले.

"सात पिढ्यांत तू पयली," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्या यादीत एका बाईला घेतलं होतं. मला ते कळत होतं, आणि मी दाराकडं बघत होते, कारण लेक पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"आबा, मी नापास झाले," ती म्हणाली.

आबांच्या हातात पुडा उघडा होता. त्यांनी मालकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग तिला जवळ बोलावून म्हणाले, "व्हतंय पोरी. आमी तर शाळंचं तोंड न्हाय बघितलं, आमचं काय अडलं का."

त्यांना तिला धीरच द्यायचा होता. पण ऐकताना मला समजलं, त्यांनी तिला उचलून मागच्या सहा जणांच्या ओळीत बसवलं होतं. तिलाही समजलं असावं. तिनं तांब्या खाली ठेवला, पुड्यातला एक पेढा घेतला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

"खा," ती म्हणाली.

सगळे बघत होते. मी खाल्ला. ती आत गेली. आबा जेवायला थांबले नाहीत.

जुलैत फेरपरीक्षा होती. मी ठरवलं की आता माझं काही नाही, आता फक्त तिचं. तिच्या वह्या काढून बसले. विज्ञानाच्या वहीत दिवाळीपर्यंतचं लिहिलेलं होतं, सुबक, आकृत्यांसकट. पुढची सगळी पानं कोरी. गणिताची वही तर गणपतीतच थांबली होती. ज्या दिवसांत मी माझ्या वहीला नवीन कव्हर घातलं होतं, त्या दिवसांत. मी तिला शिकवायला बघितलं. ती समोर बसायची, हो हो म्हणायची, उठून जायची नाही, भांडायचीही नाही. भांडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

फेरपरीक्षेला मी तिच्याबरोबर गेले आणि फाटकाबाहेर लिंबाखाली बसले. पेपरची वेळ संपली, सगळी पोरं बाहेर आली, शेवटी ती आली. कसा गेला विचारलं.

"नाव आणि नंबर लिहिला," ती म्हणाली, "आणि मग बसले."

"एकसुद्धा प्रश्न येत नव्हता?"

"दोन येत होते."

मी पुढं विचारलं नाही. येत होते तर लिहिले का नाहीत, हे विचारायला पाहिजे होतं असं आता वाटतं. पण मला उत्तराची भीती वाटली. उरलेल्या पेपरांना ती गेलीच नाही.

पंधरा ऑगस्टला शाळेनं माझा सत्कार ठेवला. मुख्याध्यापिका बाईंचा निरोप आला तेव्हा मी नको म्हणू शकत होते. मालक म्हणाले, तुझं तू बघ. मला जायचं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. मला त्या शाळेच्या पटांगणात, सगळ्यांसमोर, एकदा उभं राहायचं होतं. शाल दिली, नारळ दिला. बाई चांगलं बोलल्या. म्हणाल्या, मुलींनो, या ताई घरचं सगळं करून पास झाल्या, मग तुम्हाला काय अवघड आहे. पुढच्या रांगेत दहावीच्या पोरी बसल्या होत्या. मागं माझ्या लेकीच्या वर्गातल्या दोघी-तिघी मुद्दाम कार्यक्रमाला आल्या होत्या. त्या एकमेकींकडं बघत होत्या.

माझा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला गेला. खाली अभिनंदनाचे हात जोडलेले. मध्येच कुणीतरी लिहिलं होतं, आई पास आणि पोरगी नापास, कलियुग. त्याखाली हसणारी तोंडं. मी घरी आले तेव्हा ती भाकरी करत होती. मोबाईल चुलीच्या कट्ट्यावर होता. तिनं मला ताट वाढलं. शाल कुठं ठेवू असं तिनं विचारलं, आणि कपाटात घडी घालून ठेवली. त्या संध्याकाळपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. किती दूध, कुठलं पीठ, पाहुणे कधी येणार.

मी अकरावीची माहिती काढून ठेवली होती, बारामतीच्या कॉलेजातून छापील पत्रकही आणलं होतं. नंतर ते कुठं गेलं, मी शोधलं नाही. मालकांनी एकदा विचारलं, पुढं बसणार का. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही.

त्या वर्षानंतर तिनं ट्रॅक्टरही सोडला. मालक बोलवायचे, ती म्हणायची, मला कंटाळा आलाय. पुढची दोन वर्षं ती द्राक्षाच्या पॅकिंगला जात होती, हंगामापुरती. बाकी घरीच. अठरा झाली तसं स्थळ आलं, सोमेश्वरनगरकडचं. मुलगा कारखान्याला उसाची वाहतूक करणारा, शांत, निर्व्यसनी. बघायला आले तेव्हा मुलाच्या आत्यानं शिक्षण विचारलं. मालक पटकन म्हणाले, दहावी. आत्यानं विचारलं, पास ना?

आम्ही काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "न्हाय. आई पास हाय."

सगळ्यांना ती थट्टा वाटली. मोकळेपणानं हसले. मुलगी धीट आहे, बोलकी आहे, असं ठरलं आणि त्याच बैठकीत होकार आला. मी चहाचे कप गोळा करायच्या निमित्तानं उठले.

लग्नानंतर ती सुखात नाही असं म्हणता येणार नाही. सासू बरी आहे, नवरा हात उचलत नाही. फोन केला की दोन मिनिटं बोलते. जेवलात का, आबांचं कसंय, गाय व्याली का. मग कामात आहे म्हणते. मी ठेवते.

मागच्या वर्षी तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणून मी तिला आणायला गेले. खोली साफ करून, भिंतीला चुना लावून, बाळंतिणीच्या लाडवांचा डिंक आणून ठेवला होता. तिच्या सासूनं पिशवी भरून दिली होती, पाठवायला त्यांची काही हरकत नव्हती. लेक ओसरीत बसून मेथी निवडत होती. पोट पुढं आलं होतं, चेहऱ्यावर तेज होतं. बाहेर रस्त्यावरून उसाच्या गाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या.

"मी न्हाय येणार," ती म्हणाली. "हितंच राहते."

मी म्हटलं, असं कसं, पहिली खेप आहे, लोक काय म्हणतील. सासू आत निघून गेली.

"हितं मला कोण काय इचारत न्हाय, आई."

"मी काय इचारणार हाय तुला?"

"तू न्हाय इचारत," ती म्हणाली. "पण तू बघतीस."

ती मेथी निवडत राहिली. मी तिच्या शेजारी बसले आणि थोडी मेथी माझ्यापुढं ओढली. इतकी वर्षं मनात होतं ते शेवटी विचारलं, की माझं चुकलं का. ती खरंच विचार करत होती, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलणार नव्हती.

"न्हाय," ती म्हणाली. "तू अभ्यास केलास. त्यात काय चूक."

एवढं बोलून ती काड्या टाकायला उठली. मी दुपारच्या एसटीनं परत आले. मालकांना सांगितलं, तिकडंच दवाखाना जवळ आहे म्हणून राहतेय. त्यांनी ते मान्य केलं.

बाळ बारामतीच्या दवाखान्यात झालं. जावयांचा फोन दुसऱ्या दिवशी आला, सगळं नीट झाल्यावर. आम्ही लगेच निघालो. मुलगी झाली होती, काळेभोर केस, मूठ घट्ट मिटलेली. मी तिला मांडीवर घेतलं. लेक कुशीवर वळून झोपली होती, की डोळे मिटून पडली होती, मला सांगता येणार नाही. भेटायची वेळ संपली तशी नर्सनं बाळ माझ्याकडून घेतलं.

बाळ आता आठ महिन्यांचं झालंय. मी तिला आजवर तीनदा बघितलंय.